सोन्याचा दात आणि माझं किंचाळणारं यंत्र

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या, शेतांत पुरलेली जुनी नाणी शोधणाऱ्या आमच्या मेटल डिटेक्टर क्लबात यंत्राच्या ब्रँडवरून माणसाची किंमत ठरायची. दोन हजार चार-पाचची गोष्ट. माझं यंत्र सर्वांत स्वस्त ब्रँडचं. जुनं नाणं असो की चॉकलेटचा चमकता कागद, ते सारखंच किंचाळायचं. इतरांच्या महागड्या यंत्रांना असला कचरा गाळणारं बटण होतं.

एका रविवारी नांगरलेल्या शेतात एका दांडग्या प्लंबरने माझ्या यंत्राला लाथ घातली. "हे खेळणं घरी ठेव बाबा, कान किटले!"

मी त्याच्या ब्रँडला डबडं म्हणालो. त्यापेक्षा आईवरून शिवी त्याला चालली असती! त्याने माझी कॉलर धरली, मी त्याच्या जबड्यावर डोकं आपटलं. त्याच्या ब्रँडवर खार खाऊन असलेले माझ्या बाजूने धावले, त्याच्या ब्रँडवाले त्याच्या बाजूने. नाकं फुटली, चष्मे चिखलात गेले, आणि खरं सांगतो, मला भलतीच मजा आली.

तेवढ्यात प्लंबर रक्त थुंकत ओरडला, "थांबा! माझा सोन्याचा दात पडला!"

सगळे आपापली यंत्रं घेऊन धावले. पण बारीक सोनं यंत्राला त्या चमकत्या कागदासारखंच वाटतं, आणि कचरा गाळणारं ते बटण बंद करायचं कुणालाच सुचेना. किंचाळलं ते फक्त माझं यंत्र. मी चिखलातून दात काढून दिला.

त्याने तो पँटला पुसून खिशात टाकला, माझ्या यंत्राकडे नीट पाहिलं आणि सुजल्या ओठांनी विचारलं, "कुठल्या दुकानातून घेतलंस?"