माटवीवरचे हॉप्स

काळजी करायला मला कधी कारण लागलेलं नाही. दाराला कुलूप लावून जिना उतरले की मी पुन्हा वर जाते आणि कुलूप ओढून बघते. हे मी आजही करते. यजमान म्हणायचे, "तुझी काळजी कायम ड्युटीर आसा, तिका रजा काय गावणा नाय." पण बहरीनमधल्या त्या एका उन्हाळ्यात मी ज्याची काळजी करून अर्धी झाले, तो होता एक वेल. तोही आमचा नाही, आणि खायच्या कामाचा तर मुळीच नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही गुदैबिया भागात एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांत राहत होतो. यजमान एका इंग्रज साहेबाकडे ड्रायव्हर होते. साहेब एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्याचा बंगला झिंज नावाच्या वस्तीत. ड्रायव्हरच्या पगारावर बायको-मुलीला आणायचा व्हिसा मिळत नसे. आमचा मिळाला होता तो साहेबाने शब्द टाकला म्हणून. दर वर्षी सप्टेंबर संपायच्या आत तो कागदावर सही करायचा आणि आमचं पुढच्या वर्षाचं मार्गी लागायचं.

या सहीची किंमत मला ठाऊक होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी सिंधुदुर्गात सासरी होते आणि हे इकडे. दोन वर्षांनी एकदा यायचे. एकदा असेच आले, तर मुलीने त्यांना बघून मला विचारलं होतं, "आई, हे काका कोण?" त्यांनी हसून तिला चॉकलेट दिलं आणि मग हातपाय धुवायला म्हणून विहिरीवर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आता तीच मुलगी त्यांच्या मांडीवर बसून इंग्रजी शाळेतली गाणी म्हणायची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. मला त्याचा राग यायचा, पण बापाशी बोलत होती ना, मग कुठल्याही भाषेत बोलेना का.

तर वेलाचं. साहेब इंग्लंडातल्या ज्या भागातला होता तिथे हॉप्स पिकतात. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी हिरवी बोंडं. उत्तरेकडच्या थंड, ओलसर हवेतलं हे पीक. साहेबाच्या वडिलांच्या परसात त्याचा वेल होता. वडील गेले, घर विकलं गेलं, तेव्हा साहेबाने मुळाचं एक कांडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुटकेसमधून बहरीनला आणलं. मला दाखवलं तेव्हा ते मला आंबेहळदीचं वाटलं. हा मनुष्य एवढ्या लांबून हळद कशाला घेऊन आलाय, असं मी मनात म्हटलं.

हवा ओलसर हवी म्हणाल तर बहरीनइतकी ओली हवा कुठे मिळायची नाही. ऑगस्टमध्ये दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्याची काच पांढरी होते आणि दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. पण ही ओल भट्टीतली. त्या वेलाला हवी होती गारठ्यातली. थंडी लागल्याशिवाय तो फुलत नाही म्हणून साहेब हिवाळ्यात फ्रीजमधला बर्फ मुळाशी ओतायचा. साहेब वाकून बर्फ ओततोय आणि आमचे यजमान शेजारी दुसरी बादली धरून गंभीर चेहऱ्याने उभे, हे बघून मला पदर तोंडाला लावावा लागला होता.

नळाचं पाणी खारट, त्याने पानांच्या कडा करपायच्या. मग यजमानांनी बंगल्यातल्या सगळ्या एसींच्या नळ्यांखाली बादल्या ठेवल्या. हवेतली ओल एसीतून थेंब थेंब गळायची, ते पाणी गोडं. वेल त्यावर वाढला. उत्तरेकडच्या भिंतीला सावलीत काथ्याच्या दोऱ्या बांधल्या होत्या, त्यांवरून तो वर चढायचा. आधी मात्र त्याने आमची फजिती केली. यजमान गावाकडच्या घेवड्याचा वेल गुंडाळतात तसा तो दोरीवर गुंडाळायचे आणि सकाळी बघावं तर पठ्ठ्या सुटून जमिनीवर लोळतोय. शेवटी साहेबाने दाखवलं, हा घेवड्याच्या उलट फिरतो. त्यानंतर वेलाने कधी दोरी सोडली नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या रजेवर जाताना साहेब गाडीत बसता बसता म्हणाला, "वेलाकडे लक्ष ठेवा. मी आलो की बोंडं काढू आणि तुमच्या व्हिसाचंही बघू." यजमानांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. दोन्ही गोष्टी एका दमात. झालं, माझ्या डोक्यात त्यांची गाठ बसली. वेल जगला तर सही, वेल मेला तर मी आणि मुलगी परत गावी. यजमानांनी समजावलं की साहेब तसा माणूस नाही. मी म्हटलं, माणूस कसा आहे ते सही झाल्यावर कळतं.

मग मी रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर झिंजला जायला लागले. साहेबाने सांगून ठेवलं होतं की खालची पानं काढून टाका, नाहीतर दमट हवा आत कोंडून वेलाला रोग धरेल. चांगली हिरवीगार पानं ओरबाडून काढायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं. मी निम्मीच काढली. आणि ऑगस्टमध्ये एके दिवशी पानांवर पिठी भुरभुरावी तसे पांढरे डाग दिसले. भुरी! गावाला काकडीच्या वेलावर येते तीच. मला रात्रंदिवस ते डाग दिसायला लागले. भाकरी थापताना परातीतलं पीठही मला भुरीच वाटायचं.

यजमान म्हणाले, "अगो, झाडाक आजार येतत, जातत." मी म्हटलं, "तुमका काय, तुमी हयच ऱ्हवतलात. जावचा लागात ता माका." ते बादली उचलून वेलाकडे गेले. मी असं बोलायला नको होतं, पण खोटंही नव्हतं ते.

मग कोपऱ्यावरच्या टिक्केवाल्याकडून मी कोळशाची राख आणली. तो बहरीनी म्हातारा मला राख देताना रोज हसायचा. पहाटेच्या दवात ती राख पानांवर उडवायची, ही माझ्या माहेरची रीत, म्हणून आता पहाटेही झिंजला फेरी. एक दिवसाआड आंबट ताक पाणी घालून, फडक्यातून गाळून शिंपडायचं. आणि हो, खालची उरलेली पानंही मी डोळे मिटून काढून टाकली. भुरी थांबली. जुनी पानं गेली, वरच्या टोकाला हिरवट बोंडांचे घोस लटकायला लागले. एकेक बोंड म्हणजे पातळ पापुद्र्यांचं, दाबलं की बोटाला पिवळा चिकट भुगा आणि एक कडसर वास. खालच्या मजल्यावर वसईची एक नर्स राहायची, ती तेव्हा मला सांगत होती की तेलाचे भाव पडलेत, कंपन्या साहेब लोकांना परत पाठवतायत. माझं तिच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. मी तिला फ्रीजमध्ये जास्तीचं ताक आहे का विचारत होते.

साहेब यायचा होता गणपतीच्या दिवशीच, संध्याकाळच्या विमानाने.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. कोकणातल्या घरी गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. छताला लाकडी चौकट टांगायची आणि रानातलं जे जे त्या दिवसांत मिळतं ते तिला बांधायचं. नारळ, सुपारीचे घोस, कांगलं-कवंडळं ही रानफळं, हरणं आणि तेरडा ही रानफुलं. बहरीनमध्ये कुठलं रान! आम्ही पंख्याच्या हुकाला चौकट टांगून सफरचंदं आणि काकड्या बांधायचो, वर प्लास्टिकची आंब्याची पानं. यजमान दर वर्षी ती पानं बघून कष्टी व्हायचे. म्हणायचे, "देवाच्या माथ्यार प्लास्टिक. गावाक कोणी बघल्यान तर शेण घालीत तोंडात."

त्या सकाळी मी मोदकाच्या उकडीत गुंतले होते. यजमान कुठेतरी जाऊन आले आणि माटवी बांधायला घेतली. मी हात पुसत बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. पूर्ण चौकट हिरवीगार. चारही बाजूंनी वेल सोडलेले आणि त्यांना बोंडांचे घोस. खाली गणपती, आणि यजमान स्टुलावर उभे, इतके खूश की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

"ह्या खयसून आणलात?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"सायबाच्या वेलाचा. कांगलांसारखा दिसता का नाय?"

"सगळो कापलात?"

"मूळ आसा मागे. देवाक गेला, साहेब काय म्हणतलो?"

माझा तोल गेला. उकडीच्या हाताने मी डोकंच धरलं. अहो, ज्या वेलासाठी मी राखेने माखून घेतलं, ज्याच्यावर आपला संसार टांगलाय, तोच तुम्ही कापून आणलात? उतरवा आधी. मुलगी दारात उभी राहून बघत होती, आणि तरी मी ओरडत होते. यजमान स्टुलावरून उतरले. "माटवेक बांधलेला विसर्जनाआधी सोडूचा नसता," एवढंच म्हणाले. ते मलाही ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांनी तर माटवीवरचं पडायला आलेलं शहाळंही काढू दिलं नव्हतं, खाली उशी ठेवली होती. देवाला दिलेलं परत घ्यायचं तरी कसं? आणि न घ्यावं तर साहेब येऊन उघडी भिंत बघणार. वर आणखी एक भीती, ही बिअरची बोंडं देवाच्या डोक्यावर! हे यजमानांना माहीत होतं की नाही, विचारायचं धाडस मला झालं नाही.

दिवसभर मी मोदक वळले. एकालाही धड कळी पडली नाही. आरतीला हात जोडले आणि गणपतीकडे बघण्याऐवजी वर बोंडांकडेच बघत राहिले. देवा, रागावणार असलास तर माझ्यावर रागव, पण साहेबाला रागवू देऊ नकोस, असं काहीतरी मी मागितलं.

यजमानांनी ठरवलं होतं की साहेबाला विमानतळावरून आधी आपल्या घरी आणायचं. तो दर वर्षी मोदक खायला यायचाच. बंगल्यावर जाऊन भिंत बघण्याआधी त्याने इथे बघावं. बेल वाजली तेव्हा मी इंग्रजीतलं सॉरीचं वाक्य दहादा घोकून ठेवलेलं होतं. साहेब आत आला, दाराशी बूट काढले, नेहमीसारखे हात जोडले. त्याची बायको, आमची मडम, या वेळी बरोबर नव्हती. मग त्याने वर पाहिलं.

मी वाक्य विसरले.

तो माटवीखाली जाऊन उभा राहिला. पाटावर एक बोंड गळून पडलं होतं ते यजमानांनी उचलून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते दोन्ही तळव्यांत चोळलं, ओंजळ नाकाशी नेली आणि डोळे मिटले. खूप वेळ. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. म्हणाला, "माझे वडील याच दिवसांत वेल कापायचे. बोंडं तयार झाली की पूर्ण वेल दोरीसकट कापायचाच असतो. मूळ जमिनीत जिवंत राहतं." मग हसला आणि यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बरोबर वेळी कापलात.

माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. पाय हलके झाले. मी स्वयंपाकघरात पळाले, ताटलीत सगळ्यांत बरे वळलेले मोदक काढले, वर तुपाची धार सोडली, थोडी जास्तच सोडली. मला हसूही येत होतं आणि रडूही. मोरया, मोरया म्हणत मी बाहेर आले.

बाहेर साहेब खुर्चीत बसला होता आणि यजमान त्याच्यासमोर जमिनीवर. साहेब हळू आवाजात सांगत होता. मी ताटली पुढे केली, त्याने घेतली पण खाल्लं नाही. यजमानांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "साहेब कायमचे जातत. कंपनीन त्यांका बोलावल्यान. महिन्याभरात बंगलो खाली करूचो आसा." मग थोडं थांबून, "माझी नोकरी त्यांनी दुसरीकडे बघून ठेवल्यानी. बरी आसा. पण थय फॅमिली व्हिसा नाय."

मी हसतच होते. खरं सांगते, ते हसू मला पुसताच आलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं की साहेब रागावला नाही. ताटलीवरचं तूप ओघळून साहेबाच्या पँटवर पडलं, तेव्हा मी फडकं आणायला वळले आणि वळता वळता मला कळलं.

मुलगी माटवीखाली बसून समईची वात पुढे सारत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मान वर केली आणि विचारलं, "बट पप्पा इज कमिंग विथ अस, ना?"

इंग्रजीत विचारलं म्हणून ते साहेबालाही कळलं. त्याने ताटली खाली ठेवली. मी यजमानांकडे पाहिलं, ते मुलीकडे बघत होते, आणि मग हातपाय धुवायला म्हणून ते उठून मोरीत गेले.