आमच्या भावकीनं पक्ष का बदलला

बारा जानेवारी. तिळगुळासाठी गूळ किसायला घेतला आणि त्या वासानं खुटबावचं एक जुनं इलेक्शन आठवलं.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वीस वर्षं ज्या पुढाऱ्याचा प्रचार केला, तो मत मागायला घरी आला. साखर संपली होती. मी चहात गूळ टाकला आणि दूध फाटलं. तसाच गाळून दिला. त्यानं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "वहिनी, मला शुगर हाय."

तो गेल्यावर आबा म्हणाले, "सकाळी सरपंचाकडं चार पेढं खाल्लं यानं. आन् आमचाच चहा चालंना व्हय?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीनं पक्ष बदलला. पेपरात कारण छापून आलं, कालव्याचं पाणी. पुढं तो पडला, आमच्या भावकीच्या मतांएवढ्याच फरकानं.

माझी लाज राखायला तो खोटं बोलला, हे आज कळतं. तेव्हा मात्र चहा फाटला होता हे आबांना सांगायची माझी छाती झाली नाही.

त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी विरोधी उमेदवार घरी येणार होता. सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात जाऊन उभी राहिले आणि दोन किलो साखर आणली.