बंद इंजिनाचा पगार

लग्न होऊन मी जालन्याला आले तेव्हा आमचे हे जिनिंगच्या कारखान्यात इंजिनाचे मिस्त्री होते. आवारातच खोली होती. हंगामात भिंती थरथरायच्या, भाकरीवर कापसाचे तंतू येऊन बसायचे. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली, तरी इंजिन सुरू झालं नाही. त्या थरथरीवाचून मला घरात करमेना.

"बिघडलंय का?" मी यांना विचारलं.

"न्हाई, बराबर हाय. सेठ म्हन्ले, यंदा बंद ठेवा. पगार चालू राहील."

हळूहळू कळलं. जिनवाल्यांनी एकी केली होती. थोडेच कारखाने चालवायचे, सरकी काढायचा दर मिळून वाढवायचा आणि बंद राहणाऱ्याला नफ्यातला वाटा घरबसल्या द्यायचा. आमच्या सेठना बंद ठेवण्यातच जास्त सुटत होतं. जिनावरच्या बाया मात्र फाटकाशी येऊन, विचारून, परत जायच्या.

यांना चैन पडेना. सकाळी इंजिनाला तेल द्यायचे, चाक हातानं फिरवायचे, घरी यायचे, पुन्हा जायचे. जेवता जेवता उठायचे. धड असलेली दाराची कडीसुद्धा खोलून बसायचे.

एक दिवस मंठ्याचा एक म्हातारा कापसाच्या गाड्या घेऊन आला. इंजिन बिघडलंय, असं सांगायचा सेठचा हुकूम होता. यांनी सांगितलं.

"मिस्त्री, तुमाला दुरुस्त करता येईना व्हय?" म्हातारा म्हणाला. त्यानं बैल वळवले.

सेठ आवारात आले तेव्हा मी दारातच होते. हे म्हणाले, "सेठ, लोकांला खोटं सांगनं माझ्याच्यानं व्हत न्हाई."

सेठ चिडले नाहीत. "मिस्त्री, कारखाना माझा. चालवीन, न्हाई तर कुलूप लावीन. कोणता कायदा मना करतो, सांगा?"

तसा कायदा तेव्हा नव्हताच.

"एक हंगाम काढा की," मी म्हटलं. पोटात तिसरा महिना होता. पण यांनी ऐकलं नाही, काम सोडलं. आम्ही राजूरला गेलो. नांगर, मोटा, गाड्यांचे आस, मिळेल ते काम यांनी केलं. दोन वर्षं ओढगस्तीत गेली, पण हे ताटावरून मधेच उठेनासे झाले.

पुष्कळ वर्षांनी मुलानं पेपर वाचून दाखवला. अशी एकी मोडणारा कायदा आपल्याकडे आला होता. अमेरिकेत तर फार आधीपासून होता म्हणे.

हे उठले, ओट्यावर गेले, परत आले.

"तिथं बी कुनाचं तरी इंजिन असंच बंद ठिवलं असंल," म्हणाले. "त्याबिगर कोन कायदा करतं?"

आणि पुन्हा ओट्यावर गेले.