तीन कार्डांचं 'अहो'

"एक कार्ड जास्त झालं," असं म्हणून काका एक डोळा मिटायचे आणि गिटारच्या तारेखालून पलीकडे बघायचे. तिथून काय दिसतं, असं मी एकदा विचारलं. "तुझी काकू दिसते," ते म्हणाले. काकू खरंच पलीकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मुलुंडच्या आमच्या चाळीत ते माझ्यापासून दोन खोल्या सोडून राहत. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. गाण्याशी त्यांचा संबंध आरतीपुरता, आणि तिथेही टाळ्या चुकायच्या. अशा माणसाने कुणा बँडवाल्याचा पंखा दुरुस्त करून बदल्यात इलेक्ट्रिक गिटार आणली आणि घरच्या रेडिओला जोडली, तेव्हा आम्हाला काकूंची काळजी वाटली.

पण हा सगळा खटाटोप काकूंसाठीच होता. पूर्वी त्यांची 'अहो' ही हाक चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. 'अ' खालचा आणि 'हो' चांगला वर चढवलेला. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला. मग जेवायला वाढलं की त्या ताटावर वाटी वाजवू लागल्या. एकदा काका वैतागून म्हणाले, "वाटी वाजवून बोलवायला मी काय मांजर आहे?"

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी हाक मारणंच सोडलं. काका टोकाशी गप्पा मारून आपणहून घरी येत तोवर आमटी गार झालेली असे. ते ती मुकाट्याने खात. आपण फार वाईट बोललो हे त्यांना कळलं होतं, पण माफी मागण्याची सवय नव्हती. म्हणून गिटार आली.

बेत साधा होता. तार छेडली की 'अ'. ती वाजत असतानाच बोटाने बाजूला ओढली की सूर चढून 'हो'. पण तार दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, म्हणजे पडद्यांच्या, फार जवळ असली की ओढताना घासायची आणि 'अझो' व्हायचं. फार उंच केली की काकूंचं बोट शेजारच्या तारेखाली घुसून सोलवटायचं. म्हणून तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखाली काका पोस्टकार्डाचे तुकडे सरकवत आणि काढत. चाळीतली जुनी कार्डं संपल्यावर नव्यांवर संक्रांत आली. माझ्या सासूबाई येत असल्याचं कार्ड मला घोडीखाली सापडलं, पण तोवर सासूबाई दारात उभ्या होत्या.

एका रविवारी दुपारी काका टोकाशी जाऊन उभे राहिले आणि आत काकूंनी तीन कार्डांवरची तार ओढली. मी "काय गं?" म्हणत बाहेर आलो. बघतो तर माझ्यासकट चाळीतले अकरा नवरे आपापल्या दारात. एकाच्या गालाला दाढीचा साबण होता. आतून बायका सांगत होत्या की आम्ही नाही हाक मारली. काका सगळ्यांसमोरून सावकाश चालत आले, "आलो गं," म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसून रडले. साबणवाल्याने त्यांना पाणी आणून दिलं.

पुढे दिवसातून दोनदा आम्ही सगळे फसायचो. शेवटी कंटाळून आमच्या बायकांनी 'ऐकलंत का' सुरू केलं आणि चाळीतलं 'अहो' एकट्या काकूंचं झालं. काका अधूनमधून एक डोळा मिटून तार तपासत, अर्धं कार्ड काढत, पुन्हा घालत.

काकांचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवायच्या वेळी, त्यांच्या खोलीत रेडिओ तापल्याची घरघर आली. मग 'अहो'. कुठेही न घासता, स्वच्छ. त्या दिवशी आमच्यापैकी एकाचाही गैरसमज झाला नाही. तरी आम्ही अकराही जण दारात येऊन उभे राहिलो. ओ कुणी द्यायची, ते मात्र कळेना.