खुंटासकट होडी

लहानीला कुणी नावाडीण म्हटलं की ती तोंड वाकडं करते. धंदा म्हणून तिने वल्हं कधी हातात घेतलंच नाही. डोळखांबच्या डोंगरात धरण झालं, खोरं पाण्याखाली गेलं आणि तिचा पाडा तेवढा टेकडीवर उरला. उन्हाळ्याचे थोडे दिवस सोडले तर चहूकडे पाणी. दिवाळीनंतर नवरा जैतू वीटभट्टीवर गेला की त्याची होडी काठावर उपडी पडून राहायची. एका वर्षी वैतागून तिनेच ती सरळ केली. तेव्हापासून रेशनची पोती, गॅसची टाकी, अडलेली बाळंतीण, सगळं तिच्याच होडीतून जातं-येतं. आजारी माणूस आधी, मग शेळ्या आणि जागा उरलीच तर पुरुषमंडळी, हा तिचा कायदा.

धरणाच्या साहेबांच्या डोळ्यांत हा पाडा सलत होता. उठा म्हणून समजावून झालं, दरडावून झालं. होडी थांबली की माणसं आपसूक उठतील, असा त्यांनी हिशोब केला. म्हणून ऐन लावणीत पहारेकरी कुंडलिक सरकारी बोटीतून आला, लहानीची होडी साखळीने खुंटाला जखडली, कुलूप ठोकलं आणि निघून गेला. भाताची रोपं उपटून, मुठी बांधून टेकडीवर पडलेली. खाचरं पलीकडच्या काठावर. उपटलेलं रोप किती दम धरणार? वर्षाचं भात डोळ्यांदेखत सुकायला लागलं.

"पाया पडू गो त्याच्या," शेजारची बारकी रडकुंडीला येऊन म्हणाली.

लहानीचं डोकंच फिरलं. "पाया कशाला? कुलूप त्याचं, साखळी त्याची. खुंट तर आपला हाय ना? उपटा."

ओल्या मातीतला खुंट बायकांनी हलवून हलवून वर काढला. खुंट, साखळी, कुलूप सगळं होडीत टाकलं, वर मुठी रचल्या आणि लहानीने वल्हं मारलं. पायाशी कुलूप खडखडत होतं. त्या आवाजाने तिला भारी आनंद झाला आणि तो तिने लपवलाही नाही. खेपांवर खेपा झाल्या.

कुंडलिकाला सुगावा लागला तेव्हा बायका शेवटच्या खाचरात वाकल्या होत्या. तो बांधावरूनच ओरडला, "मावशी, सरकारी कुलूप तोडलं तुमी?"

"जाऊन बघ. शाबूत हाय. आमी हात पण नाय लावला."

"होडी आजच ओढून नेतो. मग बसा टेकडीवर."

लहानी कंबर धरून सरळ झाली. हातातली रोपं तिने त्याच्यासमोर चिखलात रोवली.

"ने ना. पण मग रोज सकाळी तुझी बोट घेऊन आमाला न्यायला ये. भात हितं लावलंय, आमी ऱ्हातो तिकडं. दोनातलं एक पण सोडणार नाय."