अलका मगदूमच्या बाकावर

दुपारची दुखण्याची गोळी पोटात गेली आहे. डावा पाय उशीवर आहे, आणि सूनबाईंनी भिंतीवर चिकटवलेला कागद माझ्याकडे बघतो आहे. त्यावर जिद्दीबद्दल काहीतरी लिहिलंय. सई मनानं चांगली पोर आहे, पण मी ऑफिसच्या जिन्यावरून पडून माझ्या गुडघ्याची वाटी फुटल्यापासून तिनं मला या वाक्यांनी बेजार केलंय. 'आई, तुम्ही तर कबड्डीच्या चॅम्पियन!' अगं, ती फायनल आम्ही हरलो होतो. हे तिला सांगायचा मला कंटाळा येतो.

गुडघा पंच्याहत्तर अंशाला अडलाय. शुक्रवारपर्यंत नव्वद झाला नाही, तर भूल देऊन वाकवू, असं डॉक्टर म्हणाले आहेत. परत ऑपरेशन थिएटर, परत सगळं पहिल्यापासून. त्यात नाही जमलं तर ऑफिसचा जिना विसरायचा. डोळे जड होतात. पंखा फिरतो आहे की मी, ते कळत नाही.

"सरक की जरा," शेजारून कोणीतरी म्हणतं.

मी सरकते. खाट लांबलचक बाक झाली आहे, समोर आमच्या शाळेचं मैदान आहे. आखलेल्या रेघांच्या आत मुली हात धरून उभ्या आहेत. आम्ही दोघी बाहेर, बाद झालेल्यांच्या बाकावर. माझ्या शेजारी अलकी आहे. मी डावा कोपरा, ती माझ्या लगतची. चार वर्षं खेळताना तिनं माझा हात धरलेला असायचा. तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण या क्षणी ते मला मोठंसं वाटत नाही. मला तिचा राग येतो आहे.

"तू कशाला आलीस?"

"बसाय आले. गुडघा कसा हाय?"

"दिसत नाही का? दगड झालाय. आणि आता तूही मला चॅम्पियन वगैरे म्हणू नकोस."

"मी कशाला म्हणू?" अलकी हसते. "तू बाद झालीस की तोंड फिरवून बसायचीस. अशी आसती व्हय चॅम्पियन?"

मी बघते, तर खरंच माझी पाठ मैदानाकडे आहे. ओढणी डोळ्यांवर आहे. मागे शिट्टी वाजते, मुली ओरडतात. मला वळावंसं वाटत नाही.

"काय बघायचं होतं त्यात?" मी म्हणते. "बाद ते बाद."

"फायनलला समोरच्या संघातली ती उंच पोरगी आठवती? चढाईत आधी उजव्या पायानं लाथ मारायची. तू बाहेर बसलीस आन् तिनं पाय बदलला. सगळ्यांनी बघितलं. पाणी द्याय आलेल्या बाईंनीबी बघितलं."

मला आठवतं. शेवटच्या मिनिटाला आमचा गुण झाला, त्यामुळे मी परत आत गेले आणि तिच्या उजव्या पायावर नजर ठेवून उभी राहिले. तिनं डाव्या टाचेनं मला टिपलं. एका गुणानं हरलो. पस्तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की पंचानं घोळ केला.

"माझ्यामुळं हरलो, हे तेव्हाच का बोलली नाहीस?" माझा आवाज चढतो.

"तू बघितलंस कुठं माझ्याकडं?"

बाकाचा रंग फिका हिरवा होतो. फिनेलचा वास येतो. मैदानाच्या जागी दवाखान्याचा व्हरांडा आहे आणि अलकी खाटेवर बसली आहे, डोक्यावर रुमाल, मनगटं काडीसारखी. मी स्टुलावर आहे. मला ठाऊक आहे हा कुठला दिवस आहे. इथून मला पळून जायचंय.

"तासभर बसलीस," ती म्हणते, "आन् समदा येळ सलाईनच्या बाटलीकडं बघत हुतीस."

"मला बघवत नव्हतं गं."

"मलाबी बघवत न्हवतं. पर मी रोज आरसा मागून घेत हुते. काय चाललंय त्ये कळाय नगं?"

मी रडते, आणि रडायचाही राग येतो. मेल्यावर भांडायला येते ही बाई! भांडता येत होतं तेव्हा मी बाटलीत थेंब मोजत बसले. "चुकलं माझं, अलके," मी म्हणते, यावेळी तिच्या तोंडाकडे बघून. ती केवढी बारीक झाली आहे.

"बरं, बरं. व्यायाम करताना कुठं बघतीस?"

तेव्हा मी कॅलेंडरकडे बघते. सुजलेला, टाक्यांचे व्रण असलेला तो गुडघा मी दीड महिन्यात एकदाही नीट बघितलेला नाही.

अलकी खाली बसते. मैदान आखायला तिच्याशिवाय कोणाला जमत नसे. ती मुठीतून पांढरी फक्की सोडत माझ्या टाचेमागे फरशीवर एक रेघ ओढते. "हितंपर्यंत आण," ती म्हणते, आणि पुढं काहीतरी म्हणते, पण तेवढ्यात कोणीतरी मला हलवतं.

"आई, चार वाजले. व्यायाम करायचाय ना?"

सई मला उठवून खाटेच्या कडेला बसवते. पाय खाली सोडते, आणि थबकते. "हे काय सांडलंय?"

माझ्या टाचेमागे, चार बोटांवर, फरशीवर पांढरी सरळ रेघ आहे. सई बोटानं पावडर उचलून बघते आणि फडकं आणायला वळते.

"राहू दे ते," मी एवढ्या जोरात म्हणते की ती दचकते.

मी मान खाली घालते. गुडघा बघते. जांभळा आहे, वाकडा व्रण आहे, कुरूप आहे, माझा आहे. टाच मागे ओढते. जीव जातो. तोंडातून शिवी निघते, सुनेसमोर. टाच रेघेपासून दोन बोटांवर अडते.

"आई, बास आता," सई म्हणते.

"गप बस आणि तूही बघ," मी म्हणते, आणि परत ओढते.