विमानाचं पोट

विमान रंगवताना पोट सगळ्यात शेवटी. कारण उघड आहे, पोट कोणी बघत नाही. काचेच्या पेटीत ठेवलं की पंख दिसतात, शेपटीवरचा आकडा दिसतो, वैमानिकाच्या डोक्यावरची काच दिसते. पोट बिचारं खाली अंधारात. बरेच हौशी लोक तिथे राखाडीचा एक हात मारतात आणि मोकळे होतात. शेडबाई त्यातली नव्हती. पण त्या रविवारी सकाळी साडेदहाला, एका हातात रंग फवारायचा एअरब्रश आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन बसलेली असताना तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण आळशी असतो तर किती बरं झालं असतं!

शेडबाई हे अर्थात टोपणनाव. दात बनवणाऱ्या लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं होती आणि दाताची रंगछटा, म्हणजे शेड, जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डॉक्टर छटेचा नंबर लिहून पाठवत. ही त्या नंबरावर विश्वास न ठेवता माणसालाच बोलावून घेई, खिडकीशी उभं करी आणि म्हणे, "आ करा." दात मुळाशी पिवळट, मधे दुधट, टोकाला जरा निळसर. चहाबाजाच्या दातावरचा डागसुद्धा ती नव्या दातावर हुबेहूब उतरवायची. एकदा एकाने कुरकुर केली, "नवा दात आहे, जरा पांढरा करा की!" ही म्हणाली, "करते ना. मग बाकीचे एकतीस काढून आणा." तेव्हापासून त्या बाबतीत तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

घरी आल्यावर तोच हात प्लास्टिकच्या विमानांवर चाले. मागच्या छोट्या खोलीत तिचं टेबल होतं आणि खिडकीत वास बाहेर फेकणारा पंखा. खऱ्या विमानाचा पत्रा तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो, आणि मॉडेलवर त्या सांध्यांच्या केसाएवढ्या रेषा असतात. शेडबाई आधी त्या रेषांवरून काळा रंग मारायची. सगळं विमान भेसूर दिसायचं. मग वरून पाण्यासारखी पातळ राखाडी, थरावर थर, काळं झाकत झाकत, पण पुरतं न झाकता. एक थर जास्त झाला तर विमान खेळण्यातलं वाटतं, एक कमी पडला तर भाजल्यासारखं दिसतं. कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे, बाकी सगळी हमाली.

हे विमान मात्र तिच्या बाबांचं होतं. म्हणजे उडवणारे साहेब वेगळे, पण चाकं जमिनीवर आहेत तोवर विमान मेकॅनिकचं, असं बाबा म्हणायचे. हवाई दलाच्या तळावर त्यांना सगळे चीफ म्हणत. नऊ वर्षं ते एकच विमान सांभाळत होते. रोज पहाटे पिवळं फडकं घेऊन त्याच्या पोटाखाली शिरायचे. बाकीच्या विमानांची पोटं तेलकट आणि काळी, चीफच्या विमानाच्या पोटात बघून भांग पाडावा! लोक चिडवायचे, "चीफ, याला उडवायचंय की याची दृष्ट काढायचीय?" बाबा हसायचे आणि अजून एकदा फडकं फिरवायचे.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका सकाळी ते विमान गेलं ते गेलंच. समुद्रात पडलं. साहेब सापडले नाहीत, विमानाचे दोन पत्रे सापडले. चौकशी बसली. बाबांना एकच प्रश्न तीनदा विचारला गेला, उड्डाणापूर्वी कुठे गळती दिसली होती का? तिन्ही वेळा बाबांनी एकच उत्तर दिलं, "नाही. पोट कोरडं होतं." शेवटी 'कारण निश्चित करता येत नाही' असा शेरा पडला आणि फाईल मिटली.

फाईल मिटली, पण ते वाक्य घरी राहायला आलं. जेवताना, बातम्या बघताना, बुटाची नाडी बांधताना, कोणी काही विचारलेलं नसताना बाबा मधेच म्हणायचे, "पोट कोरडं होतं." आई होती तोवर ती म्हणायची, "हो हो, कोरडं होतं, भाजी घ्या." शेडबाई तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेत एकीने तोंड वाकडं करून काहीतरी म्हटलं, तर हिने तिची वेणी ओढून तिला बाकाखाली पाडलं होतं. आपले बाबा चुकत नाहीत आणि खोटं तर मुळीच बोलत नाहीत, ही गोष्ट तिने कधी तपासून पाहिली नाही, तिला गरजच वाटली नाही.

मग तीन महिन्यांपूर्वी लॅबमध्ये पुढच्या दाताची छटा जुळवायला एक बाई आल्या. शेडबाईच्या टेबलावरचं छोटं विमान बघून 'आ' करायचं विसरल्या. बोलता बोलता निघालं, त्या साहेबांच्या पत्नी. शेडबाईने नजर खाली घातली, कारण अठ्ठावीस वर्षांत बाबा त्यांच्या दारात एकदाही गेले नव्हते. काकूंनी मात्र तिचा हात धरला. "मला त्यांचं विमान करून देशील? आहे तसं. मी मुलीकडे चाललेय, कायमची, तीन महिन्यांनी एका सोमवारी. आदल्या दिवशी चार वाजता घ्यायला येते. तेव्हा चीफनाही भेटेन."

दोन फोटो देऊन गेल्या. एक महिनाभर आधीचा, एक अगदी त्या शेवटच्या सकाळचा. तळावरच्या फोटोग्राफरने काढलेला, साहेब हेल्मेट काखेत धरून हसताहेत, मागे विमान. रीळ धुतलं गेलं तोवर चौकशी संपली होती, आणि काकूंनी त्यात नवऱ्याच्या चेहऱ्यापलीकडे काही बघितलं नव्हतं.

शेडबाईने बघितलं, तेही आज. पोटाची छटा जुळवायला फोटोवर भिंग धरलं, तर डाव्या चाकामागे एक लालसर तपकिरी ओघळ.

आधी तिने फोटो कापसाने पुसला. ओघळ गेला नाही. मग आशेने वाटलं, फोटोवरचाच डाग असेल. पण फोटोवरचा डाग कुठेही सरळ उतरतो. हा सांध्याच्या रेषेपाशी अडला होता, जरा डावीकडे वळून पुढे गेला होता, आणि पत्रा ठोकलेल्या प्रत्येक रिव्हेटपाशी किंचित जाड झाला होता. पत्र्यावरून तेल असंच चालतं. तिने गेल्या कित्येक वर्षांत शंभर विमानांवर हाच ओघळ बारीक ब्रशने काढला होता. महिनाभर आधीच्या फोटोत ती जागा स्वच्छ होती.

तिने नवऱ्याला आत बोलावलं. नवरा गणिताचा शिक्षक, भिंगातून बघून म्हणाला, "मला तर काही दिसत नाही."

"दिसत नाही की बघायचं नाही?"

"हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारा माणूस शहात्तर वर्षांचा. त्या बाई उद्या चालल्या. कशाला उकरायचं?"

"त्या म्हणाल्यात, आहे तसं कर."

"तुला दातांवर चहाचे डाग रंगवायची सवय लागलीय," तो म्हणाला, आणि दार ओढून घेऊन गेला. थिनरच्या वासाने बाबांना खोकला यायचा, म्हणून ते दार कायम बंद असे. बाबांनी अजून विमान बघितलंच नव्हतं. काकू येणार हे कळल्यापासून मात्र ते धड जेवत नव्हते. फक्त "येऊ दे" म्हणाले होते आणि जुना कोट इस्त्रीला दिला होता.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. विमानावर ओघळ रंगवावा तर बाबा सगळ्यांसमोर खोटे पडतात. न रंगवावा तर काकूंना फसवलं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर 'जे आहे ते आहे' म्हणून फेकलं त्याचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! बारा वाजता तिने ब्रश उचलला, बुडवला, पोटाजवळ नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. बाहेर बाबांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. शेवटी तिने एअरब्रशमध्ये पातळ राखाडी भरली आणि डाव्या चाकामागची जागा दोन थरांत एकसारखी करून टाकली. स्वच्छ, गुळगुळीत, कोरडी. तिला स्वतःची लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

तीन वाजता तिने विमान पुढच्या खोलीत आणून टेबलावर ठेवलं. बाबा कोट घालून बसले होते. ते उठले, चष्मा लावला. पंखांकडे नाही, शेपटीकडे नाही, त्यांनी सरळ विमान उचललं आणि उलटं केलं. मेकॅनिक माणूस दुसरं काय करणार! शेडबाईच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

डाव्या चाकामागे त्यांचा अंगठा थांबला होता.

"फोटो बघून केलंस?"

"हो."

"त्या दिवशीचा?"

"हो, बाबा."

"नीट बघितलास?"

"बघितला."

"तुझ्या नजरेतून दाताची चीर सुटत नाही," बाबा म्हणाले. "मग हे कोरडं कसं?"

नवरा दारातून हळूच मागे सरकला. बाबांनी विमान टेबलावर तसंच उलटं ठेवलं, आणि हात पुढे केला. "ब्रश दे. तो तपकिरी रंग, थोडा लाल घाल त्यात."

"मी काढते, बाबा. तुमचा हात हलतो."

"हलू दे. ते माझं काम आहे."

तिने तेलरंग कालवून दिला. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. त्यांनी फोटोकडे एकदाही बघितलं नाही. ब्रशचं टोक चाकामागे टेकलं, सांध्यापर्यंत आलं, जरा डावीकडे वळलं आणि पुढे गेलं. एका ठिकाणी हात थरथरला आणि रेष जाड झाली. नेमकी तिथेच रिव्हेट होती. शेडबाईने तोंडावर हात धरला. अठ्ठावीस वर्षं हा माणूस तो ओघळ रोज बघत होता.

बेल वाजली. चारला पाच मिनिटं होती.

काकू आल्या, पाण्याचा ग्लास नको म्हणाल्या. विमान आता सरळ उभं होतं. त्यांनी शेपटीवरच्या आकड्यावरून न टेकवता बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगदी तेच गं," त्या म्हणाल्या.

"मॅडम," बाबा म्हणाले. ते भिंतीशी ताठ उभे होते. "खालून बघा."

शेडबाईने दोन बोटांत पंख धरून विमान वळवून दाखवलं.

"हे काय आहे?"

"तेलाचा ओघळ. त्या सकाळी होता. चौकशीत मी नाही म्हणालो."

काकू खुर्चीत बसल्या. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. मग त्यांनी विचारलं, "यांनी बघितला होता?"

"हो. वाकून बघितला. म्हणाले, चीफ, हे काय? मी फडक्याने पुसला. म्हटलं, कालचं आहे साहेब, काही नाही." बाबांनी कोटाचं बटण चाचपलं. "साहेबांनी पुढे विचारलंच नाही. तुम्ही म्हणताय ना, मग झालं, असं म्हणाले आणि चढले."

"आणि तो कालचा होता?"

"माहीत नाही, मॅडम. ओघळ लगेच पुसून मोकळं व्हायचं नसतं. पुसला तर दहा मिनिटं थांबून बघायचं असतं, परत येतो का. मी थांबलो नाही. फोटोवाला उभा होता, माझ्या विमानाचं पोट घाण दिसू नये म्हणून मी पुसला. तोवर त्याचा फोटो काढून झाला होता, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! नंतर त्यानेच सांगितलं."

काकू रडल्या नाहीत. माफ केलं, असंही म्हणाल्या नाहीत. "अठ्ठावीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, नवरा गेलेल्या बाईच्या घरी यायला तुम्हाला सवड नाही." त्यांचा चेहरा कठीण झाला होता. त्या उठल्या. "पेटीत भरून दे गं."

शेडबाईचा धीर सुटत चालला होता. "काकू, आत्ता भरता येणार नाही. तो ओघळ ओला आहे. तेलरंग आहे, हात लागला तर पुसला जाईल."

"किती वेळ लागेल?"

"रात्रीचे नऊ तरी वाजतील."

काकूंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग ओघळाकडे, मग भिंतीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे. पर्स टेबलावर ठेवली, विमानापासून लांब.

"थांबते मी," त्या म्हणाल्या. "हा पुसायचा नाही. बसा, चीफ. त्या सकाळचं सगळं सांगा मला. पहिल्यापासून."

बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"पाचला मी हँगरवर आलो," ते म्हणाले. "पोट ओलं होतं."